ओठावरची तार

लोक म्हणतात, पियानोनं बाई नेली. तसं काही नाही. पियानो लाकडाचा आणि लोखंडाचा असतो, तो कोणाला नेत नाही. उलट त्यालाच चार माणसांनी उचलून न्यावं लागतं. माझी बायको कौसल्या गेली ती हृदयानं. डॉक्टरनं तसं लिहून दिलं आहे आणि मला ते पटलं आहे.

गजभिये मास्तर म्हणाले, काकूंवर काही लिहून द्या, विहाराच्या वाचनालयात ठेवू. तुमचं मी शुद्ध करून घेतो. मी म्हटलं, शुद्ध केलं तर ती ओळखू येणार नाही. माझं शिक्षण चौथी. जसं आहे तसं ठेवा.

बालाघाटला रेल्वे फाटकाजवळ आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान. शेतातले पंप, राइस मिलच्या मोटरी, घरचे पंखे. जळलेली तार काढायची, नवी भरायची, वार्निश लावायचं, वाळवायचं. दुकान माझ्या नावावर आहे. काम तिचं होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती फक्त जेवणाचा डबा घेऊन यायची. एक दिवस माझ्याकडून पंख्याची कॉइल भरताना तार दोनदा तुटली, ती डबा खाली ठेवून म्हणाली, "सरका जी." मी सरकलो. मग मी मोठ्या मोटरींकडं गेलो आणि बारीक तार तिच्याकडं गेली, ती कायमची.

ती राजेगावची. राजेगाव पडलं सीमेवर, तिथल्या माणसाला मराठीत भांडता येतं आणि हिंदीतही. गिऱ्हाईक ज्या भाषेत येईल त्या भाषेत ती त्याला हाकलायची. कोणी म्हटलं, "अम्मा, अर्जेंट है," तर मान वर न करता, "अर्जेंट है तो नया ले ले." मराठी माणसाला हेच, "घाई असन त नवा घे." एवढं बोलून ती काम सुरू करायची आणि वेळेवर द्यायची. न दुरुस्त करता वस्तू परत पाठवलेली मी पाहिली नाही. होत नाही हा शब्द तिला येत होता, पण तो ती फक्त मला वापरायची.

जळलेली मोटर आली की ती आधी वास घ्यायची. मीटर नंतर. मिलचा मुनीम एकदा म्हणाला, अपने आप जल गई. तिनं नाक लावलं, म्हणाली, "अपने आप त माणूस बी मरत नाई. एक फेज गेल्यावर चालवली हे." मुनीम म्हणाला, नहीं अम्मा. ती म्हणाली, "ठीक आहे, नहीं." आणि मोटर भरून दिली. वाद घालायची हौस तिला नव्हती. आपलं बोलून झालं की समोरच्याचं ऐकायची गरज नाही असं तिचं मत होतं.

चूक कबूल करणं तिला जमत नसे. त्याची तिची एक रीत होती, ती सांगितली पाहिजे. आमच्या शेजारी मेश्राम बाई राहतात. कौसल्यानं त्यांच्यावर एकदा कोंबडी चोरल्याचा आळ घेतला, तोही रस्त्यावर उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल असा. चार दिवसांनी कोंबडी आमच्याच वार्निशच्या डब्यांमागं अंड्यांवर बसलेली सापडली. कौसल्या उठली, मेश्राम बाईच्या घरात गेली, स्टुलावर चढून त्यांचा छताचा पंखा उतरवला, दुकानात आणला, जुनी तार काढून नवी भरली आणि परत लावून आली. एक शब्द बोलली नाही. पंख्याला काहीही झालेलं नव्हतं. मेश्राम बाईंनी तिला चहा दिला. पुढं गल्लीतल्या सगळ्यांना ते माहीत झालं. कौसल्या स्टूल घेऊन दारात आली की समजायचं, ती चुकली आहे आणि आता विषय काढायचा नाही.

माझ्या खाटेवरचा पंखा मात्र तिनं लग्नापासून कधी उतरवला नव्हता. म्हणजे तिच्या मतानं माझ्याशी तिचं कधी चुकलं नाही.

पियानो आला तो मालवाहू ऑटोतून, ताडपत्रीत गुंडाळून. सोबत गजभिये मास्तर. रेल्वेतून रिटायर झालेले, विहारात पेटी वाजवतात, जुन्या काळी ऑर्केस्ट्रात होते. त्यांचे वडील उकव्याच्या खाणीकडं साहेब लोकांच्या एका क्लबात भांडी घासायचे. तिथं हा विजेचा पियानो होता. मास्तर तेव्हा लहान, मागच्या खिडकीतून ऐकायचे. आत जायचं काम नव्हतं. क्लब बंद पडला. म्हातारपणी मास्तरांना तो बैहरच्या एका भंगारवाल्याकडं दिसला, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांखाली. त्यांनी तो ओळखला. कसा ओळखला विचारलं तर म्हणाले, "बाप ओळखू येते न जी, तसा."

कौसल्यानं ताडपत्री वर केली. "हे कोणत्या पंपाले लागते?"

"काकू, पियानो आहे. विजेवर वाजते."

"वाजते?"

"वाजत होता."

मास्तर चार दुकानं फिरून आले होते. टीव्हीवाला नाही म्हणाला, पेटीवाला नाही म्हणाला. नागपूरला एकानं सांगितलं, हे फेकून द्या आणि प्लास्टिकचा घ्या. मास्तरांना बुद्ध पौर्णिमेला विहारात हाच वाजवायचा होता. त्याच क्लबातला, आपल्या हातानं, समोरून. असं ते म्हणाले आणि मग त्यांना खोकला आला.

तिनं झाकण उघडून आत पाहिलं. आत रांगेनं लोखंडी सळया. पट्टी दाबली की हातोडी उडून सळईला लागते, सळई थरथरते, आणि प्रत्येक सळईच्या टोकासमोर एक लोहचुंबक, त्यावर गुंडाळलेली बोटाच्या पेराएवढी कॉइल. जेवढ्या पट्ट्या तेवढ्या कॉइली. तिनं मला हाक मारली. "अजी, इकडे या. पाहा त, हे पंखेच आहेत बारके. नुसती रांगच लावून ठेवली हे कोणी तरी."

तिनं वास घेतला. "जळले नाई. भिजले."

मीटर लावलं तर अर्ध्याहून जास्त कॉइली मेलेल्या. ती मास्तरांना म्हणाली, "पौर्णिमेले वाजन."

मास्तर म्हणाले, "घाई नाही, काकू."

"घाई नसन तरी वाजन."

आता दुसरी गोष्ट. तेव्हा तिच्या बोटांतली जाणीव चालली होती. शुगर जुनी. आधी पायाची बोटं, मग हाताची. झाल द्यायचा गरम कैया हाताला लागला तरी तिला चामडीचा वास आल्यावर कळायचं. डॉक्टरनं सांगितलं होतं की आतूनही असंच असू शकतं, हृदयाचं दुखणं समजणार नाही, गोंदियाला जाऊन तपासून घ्या. गोंदियाला आमची मुलगी वर्षा दिलेली आहे. तिनं नंबर लावून ठेवला होता. मला कौसल्याला गोंदियाला न्यायचं होतं. कौसल्याला पियानो वाजवून द्यायचा होता. दोन्ही व्हायला हरकत नव्हती, फक्त आधी काय यावर आमचं जमेना.

वर्षा फोनवर ओरडायची. "माँ, तू सुनती नहीं है! डॉक्टर रोज थोडी बैठते इधर."

"पौर्णिमा झाली की येतो."

"पौर्णिमेले काय आहे?"

"पाहुणा आहे घरी." ती पियानोला पाहुणा म्हणायची. दुकानातली सगळ्यात चांगली जागा त्याला दिली होती, उन्हापासून दूर. तिथं आधी माझी खुर्ची होती.

पियानोची तार केसासारखी. पंख्याची तार तिच्यापुढं दोरखंड म्हणावी. अशी तार भरताना ताण बोटाला समजावा लागतो. जास्त झाला की तुटते, कमी झाला की ढिली बसते. बोटाला काही समजत नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं जेवढ्या वेळा तार लावली तेवढ्या वेळा तोडली. मी बाजूला पंपाची मोटर सोलत बसलो होतो. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर तार तुटल्याचं तिनं माझ्यावर ढकललं असतं. दुपारी ती उठली, तोंड धुऊन आली, तारेचं रीळ समोर जमिनीवर ठेवलं आणि तार खालच्या ओठावरून घेतली. उजव्या हातानं मशीनचं हँडल फिरवायचं आणि ओठावरून सरकणाऱ्या तारेवर लक्ष ठेवायचं. पहिली कॉइल संध्याकाळपर्यंत भरली.

"ओठाले समजते," ती म्हणाली. बोलताना ओठ कमी हलवत होती.

"कापन ना."

"कापन त कळन. बोटाले त कापल्यावर बी नाई कळत."

तेव्हापासून ती दिवसा फार बोलेनाशी झाली. दुकानात शांतता आली. गिऱ्हाईक वाढलं.

पट्टी सोडली की आवाज थांबावा म्हणून सळयांवर नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे टेकतात. ते उंदरांनी खाल्ले होते. मास्तर म्हणाले, नागपूरहून मागवू. एक दिवस मी कोट घालायला घेतला. जावयानं दिवाळीला दिलेला, चांगला जाड लोकरीचा. पाठीवर चौकोनी भोक. आतून अस्तर दिसत होतं.

"हे काय केलं?"

"समोरून दिसत नाई."

"जावई आला त?"

"त्याच्याकडं पाठ करू नका."

तो कोट मी अजून घालतो. हिवाळ्यात मागून वारा लागतो.

मास्तर रोज संध्याकाळी यायचे. फोनवर एक व्हिडिओ दाखवायचे, त्यात एक गोरा माणूस असाच पियानो खोलून बसलेला. कौसल्यानं एकदा पाहिला. म्हणाली, "याचा टेबल बहु साफ आहे. काम नाई याले." परत पाहिला नाही. पाहिला असता तर पुढचं झालं नसतं.

पुढचं असं. सगळ्या कॉइली अजून व्हायच्या होत्या, पण सळया तिनं साफ करायला घेतल्या. प्रत्येक सळईवर एक बारीक स्प्रिंग अडकवलेली असते. ती कुठं पुढं, कुठं मागं. तिला वाटलं, वर्षानुवर्षं हालून हालून सरकल्या असतील. आमच्या धंद्यात वाकडं काही चालत नाही. कॉइलीचा एक वेढा वाकडा पडला तर मोटर जळते. तिनं फूटपट्टी घेतली आणि सगळ्या स्प्रिंगा टोकापासून एकसारख्या अंतरावर आणल्या. दोन दिवस गेले. झाल्यावर मला बोलावून दाखवलं. रांगोळीच्या ठिपक्यांसारखं दिसत होतं. मीही म्हटलं, छान.

मास्तर आले. जेवढ्या पट्ट्या जिवंत होत्या तेवढ्यांवरून त्यांनी हात फिरवला. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण बैलबाजारात ट्रक उलटला तर जसं होईल तसं ते होतं. मास्तरांनी हात काढून घेतला. वाकून आत पाहिलं. 

"काकू, ह्या स्प्रिंगा..."

"वाकड्या होत्या. सरळ केल्या."

"काकू, त्यानंच सूर लागते. जिथं होत्या तिथं सूर होता."

कौसल्यानं स्प्रिंगांकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं. "मंग लिहून ठेवाचं होतं त्याहीनं, हात लावू नका म्हणून." आणि आत चहा ठेवायला गेली. मास्तर माझ्याकडं बघत म्हणाले, "आता पौर्णिमा काही होत नाही, काका." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "तुमच्या घरी पंखा आहे ना?"

"आहे. काहून?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टूल घेऊन मास्तरांच्या घरी गेली.

त्यानंतर रोज मास्तर विहारातली पेटी आणायचे. पेटीचा एक सूर धरायचे, ती पियानोची तीच पट्टी दाबायची आणि बारक्या पेचकसानं स्प्रिंग सरकवायची. सूर म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. मास्तरांनी गाऊन दाखवलं, हात वर-खाली करून दाखवला. काही उपयोग झाला नाही. शेवटी तीच म्हणाली, "थांबा. दोन्ही संग वाजले की मधात वों-वों होते. ते काय आहे?"

"तेच त बेसूर आहे, काकू."

"असं बोला ना मंग. एका विहिरीवर दोन पंप लावले अन एक जरासा मागं राह्यला की असंच होते."

मग ती वों-वों ऐकून स्प्रिंग सरकवायची. वों-वों सावकाश होत जायचा, लांब व्हायचा, आणि बंद. बंद झाला की ती मास्तरांकडं न बघता पुढची पट्टी घ्यायची. एकदा म्हणाली, तुमची पेटीच चुकते. तीन पट्ट्या तिनं आपल्या मनानं लावल्या. पेटी चुकत नव्हती. तिन्ही पट्ट्या परत सरकवल्या. पंखा मास्तरांचा आधीच भरलेला होता, म्हणून त्यांच्या सायकलचा डायनॅमो भरून दिला.

गोंदियाचा नंबर मधल्या काळात एकदा येऊन गेला. मी सकाळी तिची पिशवी भरून ठेवली होती. औषधं, लुगडं, टॉवेल. ऑटो दारात उभा. ती मशीनवर बसून होती, तार ओठावर, हातानं मला थांबा म्हणून खूण केली. कॉइल अर्ध्यात सोडता येत नाही हे मला माहीत आहे. ऑटोवाला थांबला, मग गेला. गाडीही गेली. कॉइल झाल्यावर तिनं तार तोडली आणि म्हणाली, "ऑटो कुठी आहे?"

"गेला."

"पौर्णिमेनंतरचा नंबर घ्या."

मी पिशवी रिकामी केली. त्या दिवशी आम्ही दोघं जेवताना बोललो नाही. मी रागानं आणि ती ओठामुळं.

शेवटची कॉइल पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी बसली. मधल्या सप्तकातली काळी पट्टी, मास्तर जिथून सूर धरतात ती. तिनं वेढे घातले, टोकाला झाल दिली, मीटर लावलं, काटा हलला. मास्तरांनी पट्टी दाबली. आवाज आला. घंटेचा असतो तसा, पण घंटा पाण्यात बुडवून वाजवावी तसा मऊ. त्यांनी बोट तसंच दाबून धरलं आणि आवाज संपेपर्यंत सोडलं नाही. कौसल्या पियानोच्या लाकडाला कान लावून होती.

"घरघर नाई," ती म्हणाली. त्यावर तिचं काम संपलं. मास्तर म्हणाले, काकू, एक गाणं ऐका. ती म्हणाली, "गाणं पौर्णिमेले. आता मले भाकरी टाकाच्या आहेत." चार माणसं आली, पियानो विहारात गेला. माझी खुर्ची जागेवर आली.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधीची दुपार. ऊन भयंकर. मी जेवून खाटेवर पडलो होतो. कौसल्या आली ती स्टूल घेऊन.

"उठा जी."

"काहून?"

"पंखा काढाचा आहे."

मी उठून बसलो. "काय झालं त्याले?"

"आवाज करून राह्यला."

"मले त नाई आला."

"तुमचे कान गेले."

पंखा आवाज करत नव्हता. मला चढू नको म्हणावंसं वाटलं, तिच्या पायांना स्टूल समजत नव्हतं. मी स्टूल धरलं. ती चढली, पंखा उतरवला, छातीशी धरून दुकानात घेऊन गेली. मी घामात बसून राहिलो. मशीनचा आवाज येत होता. पाणी प्यायला गेलो तेव्हा पाहिलं, ओठावरून तार घेऊन बसली होती. पंख्याची तार जाड, ती बोटांनीही जमली असती. पण तिला आता ओठाचीच सवय लागली होती. वार्निश उन्हात वाळवलं. दिवेलागणीला पंखा परत लावला, बटण दाबलं, खाली उभी राहून वर पाहत राहिली.

"आता?" मी विचारलं.

"आता ठीक आहे. परवा वाजन. तेरवा गोंदियाले जाऊ. पिशवी तुम्ही नका भरू, तुम्ही टॉवेल चुकीचा घेता."

सकाळी मी दूध आणायला गेलो. ती दुकानाच्या पायरीवर बिनसाखरेचा चहा घेऊन बसली होती. परत आलो तेव्हा तशीच बसलेली होती आणि चहावर साय धरली होती. दुखलं असेल की नाही मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, शुगरवाल्यांना समजत नाही.

मास्तर कार्यक्रम पुढं ढकलतो म्हणाले. मी म्हटलं, तिनं पौर्णिमा सांगितली होती, पौर्णिमेलाच वाजवा. मी गेलो होतो. सुतक होतं, पण कोणी काही म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं. मास्तर समोर बसले, पांढरा शर्ट घालून, आणि वाजवलं. माणसं रडली. विहारातले पंखे जोरात चालू होते, त्यामुळं मला मागं नीट ऐकू आलं नाही. पण घरघर नव्हती. गाणं तिनं ऐकलं नाही, याचं लोकांना फार वाईट वाटतं. मला तेवढं वाटत नाही. तिला गाण्याचं काही पडलं नव्हतं.

तिला शेवटचं पाहिलं ते गेली त्या दिवशी दुपारी, अंगणात. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या, कुंकू लावलं. मेश्राम बाई ओल्या फडक्यानं तोंड पुसत होत्या. खालच्या ओठावर आडवी तांबूस रेघ होती. ती पुसली जाईना. वर्षानं बोटानं चोळून पाहिली. म्हणाली, "बाबा, माँ के होठ पे ये क्या लगा है?"

मास्तर अंगणाच्या दारापाशी उभे होते. त्यांना हुंदका आवरेना. म्हणाले, "माझ्यापायी. पियानोची तार आहे ती."

मी जवळ जाऊन वाकून पाहिलं. पियानोची तार केसासारखी असते. ही रेघ जाड होती.

"राहू दे," मी वर्षाला म्हटलं. "पुसू नको."